खुलासा: पडदा जवळ आणला म्हणून व्यतिकरण थांबत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बारावी सायन्सच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'दोन फटींच्या प्रयोगात पडदा १ मीटरच्या आत आणला की व्यतिकरण होत नाही, प्रकाश सरळ रेषेत जातो.' हे चुकीचं आहे. (व्यतिकरण म्हणजे दोन फटींतून आलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून पडद्यावर उजळ-काळे पट्टे उमटणं.) प्रात्यक्षिकाच्या तोंडावर मुलं हेच पाठ करतायत, याची मला खरोखर काळजी वाटते.

पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर, भागिले फटींमधलं अंतर. लाल लेझर ६५० नॅनोमीटरचा आणि फटींमध्ये ०.५ मिलिमीटर धरा. पडदा १ मीटरवर असेल तर पट्ट्यांमध्ये १.३ मिलिमीटर अंतर पडतं, २० सेंटिमीटरवर फक्त ०.२६. पट्टे असतातच, फक्त इतके जवळजवळ, की नुसत्या डोळ्यांना ते वेगळे ओळखणं कठीण जातं. कागदी पडद्यावरचा उजेड भिंगातून बघा, सापडतील. (थेट लेझरमध्ये मात्र कधीही बघू नका.)

मेसेजमध्ये खऱ्याचा अंश एवढाच, की फटींच्या अगदी जवळ दोन वेगळ्या उजळ रेघा दिसतात. खाडीच्या संथ पाण्यात दोन खडे टाकले, तर वलयं एकमेकांना भिडेपर्यंत नक्षी उमटत नाही, तसंच हे. दोन्ही फटींतला प्रकाश पसरून एकमेकांवर यायला थोडं अंतर लागतं. फटी ०.१ मिलिमीटर रुंद असतील तर ते साधारण ४ ते ८ सेंटिमीटर. फटी अजून अरुंद असतील तर आणखी कमी. आणि तिथेही प्रकाश तरंगच असतो, रेघांच्या कडांना विवर्तनाचे (म्हणजे कडेपाशी प्रकाश वळून पसरल्याने होणारे) बारीक पट्टे असतात.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.