ते विमान दाबोळीचे नव्हे

‘दाबोळीहून उडालेले नौदलाचे विमान ५६ वर्षांनी बर्फात सापडले’ असा मजकूर फोंड्याच्या आमच्या व्हॉट्सॲप गटावर दोन दिवस फिरतोय. ५६ वर्षे तेवढी बरोबर. विमान हवाई दलाचे, एएन-१२ जातीचे मालवाहू. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी ते चंडीगडहून लेहला निघाले, आत १०२ जण. हवामान बिघडले म्हणून वैमानिकाने माघारी वळवले आणि हिमाचलातल्या रोहतांग खिंडीजवळ संपर्क तुटला. अवशेष तर गिर्यारोहकांना २००३ मध्येच दिसले होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सापडले ते चार मृतदेह. एकाची ओळख जवळच्या पेबुकावरून, म्हणजे सैनिकाच्या पगाराच्या नोंदवहीवरून, पटली. इतक्या वर्षांच्या बर्फात कागद टिकला! आणि सोबतच्या फोटोत विमानाखाली लाटा दिसतात. रोहतांगला समुद्र कुठून आणला बाबा?