घर हवेशीर, चौकशी छापखान्यात

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात घर, वखार किंवा गलबतभर माल विकायला काढणार असाल, तर किंमत तेवढी लिहू नका. अठराव्या शतकातल्या या बंदरात किंमत छापणारा व्यापारी म्हणजे धंद्यातला अडाणी. ‘वाजवी दरात’, ‘रोख किंवा थोड्या मुदतीच्या उधारीवर’ एवढं भरपूर झालं. शिवाय लिहिणार तरी कोणत्या पैशात? तोच स्पॅनिश डॉलर इथं साडेसात शिलिंगांचा, न्यूयॉर्कात आठांचा आणि बोस्टनला सहांचा. गिऱ्हाइकाला दुकानात येऊ द्या. त्याचा कोट बघून दर ठरवणं सोपं जातं.

मजकूर छापखान्यात लवकर पोचवा. वर्तमानपत्र म्हणजे मधोमध दुमडलेला एकच मोठा कागद, त्याची चार पानं. पहिलं आणि चौथं पान कागदाच्या एका बाजूला येतं. ती बाजू आधी छापून वाळत घालतात, आणि जहाजानं आणलेली ताजी खबर मागाहून आतल्या पानांवर जाते. जाहिरातींचं घर बहुतेक बाहेरच्या पानांवर. म्हणजे पहिल्या पानावर झळकायचं तर बातमीच्या आधी हजर व्हायला हवं, जे व्यापाऱ्याला जड जाऊ नये.

दराचं गणितही समजून घ्या. न्यूयॉर्कात जॉन होल्ट आपल्या पत्रात दर छापूनच टाकी: जाहिरात रुंदीपेक्षा लांब नसेल तर चार आठवड्यांचे पाच शिलिंग, पुढं दर आठवड्याला एक. खरा खर्च खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवण्याचा असतो. एकदा जुळवलेला मजकूर दोऱ्यानं बांधून ठेवला, की पुढच्या अंकात तो नुसता उचलून बसवायचा. तेव्हा शहाण्यानं शब्द बदलू नयेत. ‘शेवटच्या जहाजानं नुकताच आलेला माल’ मग तीन महिने नुकताच येत राहतो. ते जहाज एव्हाना परत लंडनला पोचलेलं असलं तरी बिघडत नाही.

वर एक ठसा घ्या. छापखान्यात लाकडी ठसे मोजकेच असतात: एक जहाज, एक घर, एक घोडा, एक काठी-बोचकं घेऊन पळणारा माणूस. तुमचं गलबत दोन डोलकाठ्यांचं आणि ठशातलं तीन, म्हणून हुज्जत घालू नका. घराच्या ठशातल्या खिडक्या मोजणारं गिऱ्हाईक तसंही घर घेत नाही.

दुकानाच्या मालाची यादी मात्र लांबलचक हवी. कापड, खिळे, आरसे, मिरी, बोही चहा, मदिरा, शाळेची पुस्तकं, शवपेटीच्या कड्या, सगळं एका दमात, मधे पूर्णविराम न देता. त्यात बाफ्ता, छीट असं सुती कापड आणि रुमाल असायलाच हवेत. हिंदुस्थानातला हा माल ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या लिलावांतून वळसा घेऊन इथं येई. या देशाचं पहिलं जहाज हिंदुस्थानात पाँडिचेरीला लागलं ते १७८४ च्या डिसेंबरात, आणि तेही फिलाडेल्फियाचंच. यादीच्या शेवटी ‘आणि इतर अनेक वस्तू, ज्या सांगत बसल्यास वाचकास कंटाळा येईल’ असं लिहावं. ऐंशी वस्तू वाचून झाल्यावर ही काळजी फार शोभून दिसते.

राजकारण आडवं आलं तर घाबरू नका. १७६९ मध्ये इथल्या व्यापाऱ्यांनी ब्रिटिश माल न आणण्याचा करार केला, तेव्हा काल ‘अगदी ताजा’ असलेला माल एका रात्रीत ‘करारापूर्वीच आलेला’ झाला. जुना साठा फळीवर धूळ खात पडला असेल, तर देशभक्तीसारखं गिऱ्हाईक नाही.

पत्ता देणं ही कला आहे. घरांना नंबर नसतात. ‘मार्केट स्ट्रीटवर, अमक्या पाटीच्या समोर, तमक्या वैद्याच्या शेजारी’ असं लिहा, म्हणजे वैद्यानं घर बदललं की तुमचं दुकान आपोआप हरवतं. १७८५ मध्ये मॅकफर्सन नावाच्या गृहस्थानं घरोघर नंबर देऊन शहराची निर्देशिका काढली. ज्यांनी नाव सांगायला नकार दिला त्यांना त्यानं ‘सांगत नाही’ अशाच नावानं छापलं. एक नोंद तर ‘तिरसट बाई’ अशी आहे. पुऱ्या शहराच्या छापील मजकुरातला हा बहुधा सर्वांत प्रामाणिक भाग.

आता घर. ‘तीन मजली, विटांचं, मजल्यावर दोन खोल्या, मागं स्वयंपाकघर, अंगणात कधीही न आटणाऱ्या पाण्याचा पंप.’ पंपापासून शौचकूप किती हातांवर आहे ते लिहू नका. पाणी न आटण्याचं एक कारण तेही असू शकतं. घर डॉक क्रीकच्या काठी असेल तर ‘पाण्यालगत, व्यापारास सोयीचं’ म्हणा. कातडी कमावणारे आपलं सगळं याच ओढ्यात सोडतात आणि १७३९ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन व इतरांनी त्यांना हलवण्यासाठी अर्जही केला होता. पण अर्ज विधिमंडळाकडं गेला, तुमच्या जाहिरातीकडं नव्हे.

भुईभाडं शेवटच्या ओळीत टाका, जमल्यास ओळीच्याही शेवटी. इथं घर विकलं तरी खालच्या जमिनीचं सालाचं भाडं मूळ मालकाला चालूच राहतं, तेही कायमचं. शेकडा सहाच्या हिशेबानं सालाचे सहा पौंड म्हणजे शंभर पौंडांचा बोजा. पण ‘शंभर पौंडांचा बोजा’ असं लिहिलं की माणूस बिचकतो, आणि ‘सालीना केवळ सहा पौंड’ म्हटलं की सही करतो. पुढं भाडं थकलं तर जमीनमालक घरात शिरतो. तोवर तुम्ही पैसे मोजून घेतलेले असतात.

दारात झाड असेल तर ‘गर्द सावली’ लिहायचा मोह होईल. जरा थांबा. आगीचा विमा उतरवणाऱ्या इथल्या जुन्या संस्थेनं १७८१ मध्ये झाडं असलेली घरं नाकारायचं ठरवलं, कारण आग लागल्यावर फांद्या आड येतात. १७८४ मध्ये झाडवाल्यांसाठी वेगळी संस्था निघाली आणि तिनं खूण म्हणून झाडच घेतलं. तेव्हा गिऱ्हाईक कोणत्या संस्थेचा सभासद आहे ते आधी काढा, सावली नंतर.

आणि १७९३ नंतर ‘हवेशीर, उंचावरची, निरोगी जागा’ हे शब्द विसरू नका. त्या उन्हाळ्यात पिवळा ताप वॉटर स्ट्रीटच्या बाजूनं सुरू झाला. डॉक्टर बेंजामिन रश यांनी दोष दिला तो धक्क्यावर कुजत पडलेल्या कॉफीला. डासांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. पन्नासेक हजारांच्या शहरात सुमारे पाच हजार माणसं गेली. तुमचं घर धक्क्यापासून दोन गल्ल्यांवर असेल तर तेवढ्यानंही ते ‘उंचावर’ येतं. इतकी घरं रिकामी का, असं कुणी विचारलं तर ‘मालक परगावी’ म्हणा.

शेतजमिनीला ‘कमी-अधिक’ हा शब्द पुरतो. पेनसिल्व्हेनियात रस्त्यांसाठी शेकडा सहा जास्तीची जमीन मोजून मिळते. त्यात ‘कमी-अधिक’ मिळवा, आणि हद्दीचा कोपरा म्हणून ‘काळा ओक’ लिहा. ओक पुढच्या हिवाळ्यात सरपणाला जातो आणि दावा नातवंडांपर्यंत चालतो. मोठा हात मारायचा असेल तर रॉबर्ट मॉरिसचा कित्ता गिरवा. स्वातंत्र्ययुद्धाला पैसा पुरवणारा हा माणूस. १७९५ मध्ये त्यानं भागीदारांसह जमिनीची कंपनी काढली, एकूण साठ लाख एकरांच्या घरात. यातली बरीचशी जमीन कागदावरच फिरत होती. चेस्टनट स्ट्रीटवर त्याचा महाल अर्धवट राहिला आणि १७९८ पासून साडेतीन वर्षं त्याचा मुक्काम प्रून स्ट्रीटच्या कर्जदारांच्या तुरुंगात होता. जागा शहराच्या अगदी मध्यात, येण्याजाण्याला सोयीची.

उरला माणूस. तोही इथं मालच आहे, फक्त त्याला वेगळी वाक्यं लागतात. ‘दोष काही नाही, काम नाही म्हणून विकणे आहे’, ‘देवी येऊन गेल्या आहेत’. दुसऱ्या वाक्यानं भाव चढतो, कारण तो पुन्हा देवीनं मरायचा नाही. विक्री फ्रंट आणि मार्केट स्ट्रीटच्या कोपऱ्यावर, लंडन कॉफी हाउससमोर. १७५४ मध्ये हे कॉफी हाउस काढणारा विल्यम ब्रॅडफर्ड वर्तमानपत्रही छापी, म्हणजे जाहिरात आणि लिलाव एकाच्याच पदराखाली. स्वतःचं नाव घालायची लाज वाटत असेल तर ‘चौकशी छापखान्यात करावी’ ही ओळ आहेच. फ्रँकलिनच्या ‘पेनसिल्व्हेनिया गॅझेट’मध्येही ती अशा जाहिरातींखाली येई. १७८७ मध्ये हेच गृहस्थ गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले. छापखान्यातला वाटा त्याआधीच विकून झाला होता.

विकत घेतलेला माणूस पळाला, तर मात्र आतापर्यंतचे सगळे नियम मोडा. इथं मोघम लिहून भागत नाही. उंची फूट-इंचांत द्या. भुवईवरचा व्रण डाव्या की उजव्या, कोटाची बटणं पितळी की शिंगाची, जोड्याचा बक्कल कसला, इंग्रजी बोलताना हेल कुठला, फिडल वाजवतो का, सगळं लिहा. लिहिता येत असेल तर आधी ते सांगा, कारण तो प्रवासाचा परवाना स्वतःच लिहून घेईल. पाठीवरचे वळही लिहा, कुणी उठवले ते लिहायची पद्धत नाही. घराच्या जाहिरातीत छपराच्या गळतीला कधी जागा सापडली नाही, पण इथं अंगावरचा एक डाग सुटू देऊ नका. डागावरच बक्षीस ठरतं.

बक्षिसाखाली ‘आणि वाजवी खर्च’ असं जोडा आणि शेवटची ओळ ठरलेलीच ठेवा: ‘जहाजांच्या कप्तानांनी यास नेऊ नये, नेल्यास परिणामास तयार राहावे.’ तिच्या लगतच्याच रकान्यात कुठल्या तरी कप्तानाची ‘लगेच निघणाऱ्या जहाजावर खलाशी हवेत’ अशी जाहिरात लागली, तर छापखानेवाल्याशी भांडू नका. त्यानं दोन्हींचे पैसे घेतले आहेत.