पावती फ्रेम करून लावा

कोल्हापुरात जुने घर, फ्लॅट किंवा नुसताच दीड गुंठ्याचा तुकडा घ्यायचा असेल, तर पहिली गोष्ट पक्की करा: कागद बघायचे नाहीत. ज्या माणसाने स्वतःच्या गाडीतून प्लॉट दाखवला, येताना मिसळ खाऊ घातली, वर कटाची वाटी दोनदा मागवली, त्याच्याकडे प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे शहरातल्या जागेचा सातबारा, मागायचे म्हणजे त्याचा अपमान. शिवाय तो घरफाळ्याची, म्हणजे मालमत्ता कराची, पावती दाखवतोच. पावतीवर त्याचे नाव आहे, रक्कम आहे, शिक्का आहे. "साहेब, वीस वर्षं घरफाळा मीच भरतोय," हेही तो सांगतो. वीस वर्षे दुसऱ्याचा फाळा कोण भरेल, असे स्वतःला विचारा आणि इसाऱ्याचा चेक फाडा.

कोण भरेल याचे उत्तर तसे अवघड नाही. भाडेकरू भरेल, कब्जा सांगणारा भरेल, सात भावंडांपैकी घरात राहणारा एक भरेल. घरफाळा विभागाच्या नोंदवहीत नाव असणे म्हणजे 'पैसे याच्याकडे मागायचे', एवढेच. मालक कोण हा निवाडा तिथे होत नाही. पण असली माहिती डोक्यात शिरली की व्यवहारातली सगळी मजा जाते, म्हणून ती शिरू देऊ नये.

तरीही घरातल्या कुणी हट्ट धरलाच, तर त्याला चुकीच्या नंबराने शोधायला बसवा. कोल्हापुरात एका घराला नंबरांची कमतरता नाही. सि.स. (सिटी सर्व्हे) नंबर, रि.स. (रिव्हिजन सर्व्हे) नंबर, प्लॉट नंबर, घरफाळ्याच्या बिलावरचा नंबर, वीजबिलावरचा नंबर. त्यात वॉर्ड. शिवाजी पेठ म्हटले की ए, मंगळवार पेठ बी, आणि राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क ई. ही अक्षरे सिटी सर्व्हेची. निवडणुकीचा प्रभाग त्याहून निराळा. घरफाळ्यासाठी गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट ही चार विभागीय कार्यालये, ती आणखी निराळी. पोराला प्रभाग क्रमांक देऊन संकेतस्थळावर बसवले की तो अर्ध्या तासात "काही सापडत नाही" म्हणत उठतो. विषय संपला.

बरोबर नंबर त्याच्या हाती लागू नये, कारण मग काम फार लवकर होते. महाभूमी या सरकारी संकेतस्थळाच्या भूलेख पानावर सातबारा सोडून मालमत्ता पत्रक, म्हणजेच प्रॉपर्टी कार्ड, धरायचे, जिल्हा कोल्हापूर, मग नगर भूमापनचे कार्यालय, मग वॉर्ड, मग सि.स. नंबर. नंबर कुठून आणायचा? जुन्या खरेदीखताच्या शेवटी मिळकतीचे वर्णन असते, 'कसबा करवीर, ई वॉर्ड' अशा थाटाचे. त्याच ओळीत तो असतो. नुसते बघायला पैसे पडत नाहीत. डिजिटल सहीची प्रत महापालिका हद्दीत १३५ रुपयांना, सातबारा १५ रुपयांना. पन्नास लाखांच्या व्यवहारात हे दीडशे रुपये कोण घालवतो? तेवढ्यात दोघांची मिसळ होते.

नंबर नसेल तर नावानेही शोधता येते. करवीर तालुक्यात आडनाव 'पाटील' घालून बघा. संध्याकाळ तिथेच जाईल.

चुकून प्रॉपर्टी कार्ड उघडलेच, तर वरचे नाव वाचून लगेच मिटवा. खाली जाऊ नका. वर 'हक्काचा मूळ धारक' असतो. तो बहुतेक वेळा आजोबांच्याही आधीचा निघतो आणि त्याच्याशी आपले काही देणेघेणे नसते. खरी गोष्ट खालच्या तक्त्यात असते: दिनांक, व्यवहार, खंड क्रमांक, नवीन धारक किंवा भार, साक्षांकन. एकेक ओळ तारखेने खाली सरकते. कुणी विकले, कोण वारले, कोणत्या बँकेचा बोजा चढला आणि तो उतरला का. कर्ज फिटले तरी बोजा कमी करायला अर्ज द्यावा लागतो. तो दिलाच नाही म्हणून कर्ज मिटलेली घरेही कागदावर वर्षानुवर्षे गहाण पडून राहतात. हा तक्ता वाचला की प्रश्न पडतात, आणि प्रश्न पडले की विकणारा फोन उचलायचा बंद होतो. मग तुम्हालाच वाईट वाटणार.

धारणाधिकाराच्या रकान्यात एक अक्षर असते. बोलताना सगळे त्याला सत्ताप्रकार म्हणतात. तिथे 'ब' दिसला, तर ते 'बरोबर'चे पहिले अक्षर आहे असे समजा. वास्तविक त्या जागेवरचा सरकारचा हात अजून सुटलेला नसतो, आणि हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागू शकते. पण दस्त झाल्यावर हे कळले तर सगळ्या भाऊबंदांना एकत्र यायला एक कारण मिळते. तसे दिवाळीला तरी कोण भेटते?

शहराच्या कडेला जागा घेणाऱ्यांची गाठ सातबाऱ्याशी पडते. त्याचे वाचन याहून सोपे करता येते: क्षेत्र बघा, आणि आपल्याला विकणाऱ्याचे नाव कुठेतरी आहे एवढे बघा. ते नाव कंसात असले तरी चालेल. कंसातले नाव म्हणजे त्या माणसाचा हक्क फेरफाराने, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीने, निघून गेला. पण कंस दिसतो किती बारीक! 'इतर अधिकार' हा रकाना तर वाचूच नये. तिथे विकास सोसायटीचे कर्ज असते, कूळ असते, आणि जुन्या वारसनोंदींत बहिणीही तिथेच सापडतात. भावांची नावे कब्जेदार म्हणून वर, बहिणींची 'इतर'मध्ये. विचारले तर उत्तर ठरलेले: "बहिणींनी सोडलंय की." कसे सोडलंय? "तोंडी." हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, हे तेव्हा म्हणू नका. भाऊबीज जवळ आलेली असते.

फेरफाराच्या क्रमांकांकडे कुणी बघू नये म्हणूनच बहुधा ते असे एकाखाली एक खच्चून छापलेले असतात. प्रत्येक क्रमांकामागे गाव नमुना ६ मधली एक नोंद आहे आणि ती काढून वाचता येते. नवी नोंद प्रमाणित होण्याआधी हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीला १५ दिवस असतात. 'आपली चावडी' या पानावर गाव निवडले की कोणत्या गटावर काय चालले आहे ते घरबसल्या दिसते. तुमच्या वडिलोपार्जित गटावर कुणी परस्पर वारसनोंद घालत असेल तर तिथे कळेल. म्हणून ते पान उघडू नये. कळले की पंधरा दिवसांत काहीतरी करावे लागते. न कळले तर पंधरा वर्षे कोर्टात निवांत बसता येते.

तिसरे ठिकाण दुय्यम निबंधकांचे, जिथे दस्त नोंदवले जातात. एकच फ्लॅट दोघांना विकला गेला का, हे सिटी सर्व्हेला उशिरा कळते, घरफाळ्याला त्याहून उशिरा, पण सूची क्रमांक २ मध्ये, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीत, दस्त झाल्याबरोबर दिसते. नोंदणी विभागाच्या पानावर मोफत शोध आहे. मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्राचा भाग धरायचा, मग वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक. खालची वाकडीतिकडी अक्षरे पहिल्यांदा घातली की बऱ्याचदा ते पान नवीन अक्षरे दाखवते. लोक तिथेच हात टेकतात आणि साइट बंद आहे असे गल्लीभर सांगतात. दुसऱ्यांदा घातली की यादी येते. शोध एका वेळी एकाच वर्षाचा होतो, त्यामुळे पंधरा वर्षे बघायची तर पंधरा वेळा तेच करायचे. शिवाय कुणी दस्तात सि.स. नंबर लिहिलेला असतो, कुणी रि.स. नंबर, कुणी नुसता फ्लॅट नंबर. तिन्हींनी शोधावे लागते. एवढी दगदग करण्यापेक्षा वकिलाचा सर्च रिपोर्ट बिल्डरनेच आणून दिलेला असतो, तोच घ्या. त्याच्याच वकिलाने त्याच्याच बाजूने लिहिलाय, म्हणजे माहितीतला माणूस.

जागा शहरात आहे की गावात, हेही विचारू नका. कोल्हापूरची महापालिका १९७२ मध्ये झाली, आणि हद्दवाढ तेव्हापासून कट्ट्यावर चघळली जाते. पाचगाव, उचगाव, मोरेवाडीला रस्ता ओलांडला की घरफाळ्याचा कारभार ग्रामपंचायतीकडे जातो, उतारा नमुना ८ चा होतो. जाहिरातीत मात्र 'कोल्हापूर शहरात' असते. तुम्ही शहर म्हणून घ्या, कागद गाव म्हणून करतील, आणि कर्ज देणारी बँक कागद मागेल तेव्हा कुणाच्यातरी नावाने बोटे मोडा.

आता घरफाळ्याचे बिल. हे बिल वाचण्याची रूढ पद्धत अशी: दोन्ही हातांनी धरायचे, शेवटचा आकडा बघायचा, "काय लुटालूट चाललीय" म्हणायचे आणि फ्रीजवर ठेवायचे. मधल्या रकान्यांत सर्वसाधारण कर असतो, वृक्ष कर असतो, अग्निशमन असते, आणि राज्य सरकारचा शिक्षण कर असतो, जो महापालिका फक्त गोळा करून देते. रोजगार हमीचा उपकर निवासी घराला लागत नाही. तो बिलावर आला असेल तर तुमच्या घरात कागदोपत्री दुकान चालू आहे. दहा वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावर शटर होते, झेरॉक्सचे दुकान होते, ते बंद झाले, शटर काढून खिडकी बसवली. महापालिकेला कुणी सांगितले? कुणीच नाही. मग नोंदीत ते दुकान अजून झेरॉक्स काढते आहे आणि तुम्ही व्यापारी दराने भरता आहात. हे कळवून पाहणी मागवली तर बिल कमी होईल. म्हणून कळवू नका. नगरसेवकाशी ओळख आहे ना, ती कधी वापरणार?

कर ठरवायला कायद्याने महापालिकांना दोन वाटा दिल्या. एक भाड्यावरच्या करयोग्य मूल्याची, ज्यात वर्षाच्या भाड्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा होतात. दुसरी भांडवली मूल्याची. कोल्हापूर दुसरीने गेले. रेडीरेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला जागेचा, दर घ्यायचा, क्षेत्रफळाने गुणायचे, मग बांधकामाचा प्रकार, वय आणि वापर यांचे गुणांक लावायचे. चौथीतल्या पोराला येईल असे गणित आहे, आणि चूक शिरायच्या जागाही तेवढ्याच ठरलेल्या. जुने लोडबेअरिंग, म्हणजे भिंतींवर उभे असलेले, घर आरसीसी म्हणून लागलेले असते. बांधकामाचे वर्ष चुकले की पन्नास वर्षांचे घर नवे कोरे ठरते. क्षेत्र चौरस मीटरमध्ये आहे का फुटांत, हे तर बघूच नये. करारात कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतले क्षेत्र, ६० चौरस मीटर, म्हणजे साधारण ६४६ चौरस फूट, आणि बिलावर त्याहून बरेच जास्त असेल, तर कुठले क्षेत्र धरले हे उतारा काढून विचारता येते. टेप घेऊन खोल्या मोजणे हा एका रविवारचा उद्योग आहे. त्या रविवारी शाहू स्टेडियमवर मॅच असते.

नाव बदलण्याची घाई तर अजिबात करू नये. खरेदी झाली की तीन महिन्यांत आणि घरातले माणूस गेले की वर्षाच्या आत महापालिकेला कळवावे असे नियम सांगतो. तुम्ही कळवले नाही तर बिल मागच्या मालकाच्या नावाने येत राहते, तुम्ही भरत राहता, आणि पावत्यांचा गठ्ठा त्याच्या नावाने जमतो. हाच तो गठ्ठा, जो तो उद्या दुसऱ्याच कुणाला मिसळ खाऊ घालताना दाखवेल.

थकबाकीचेही शास्त्र आहे. वर्षाच्या सुरुवातीला भरणाऱ्याला सवलत मिळते, म्हणून सुरुवातीला भरू नका. बिल दोन सहामाहींचे, एक १ एप्रिलपासून, दुसरी १ ऑक्टोबरपासून. मुदतीत न भरलेल्या रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, चढते. आठ हजार थकले तर महिन्याला १६०, वर्षाला १,९२०. एवढे व्याज कुठलीच पतसंस्था देत नाही. वाईट एवढेच, की ते तुम्हाला मिळत नाही, द्यावे लागते. मार्च जवळ आला की शास्तीत सूट देणारी योजना येईल या आशेवर दोन-तीन वर्षे काढा. एखाद्या वर्षी ती येत नाही. मग दारात थकबाकीदारांच्या नावांचा फलक लागतो.

गच्चीवर परवानगीशिवाय खोली काढली असेल तर उलट खूश व्हा. महापालिका कायद्याच्या कलम २६७-अ प्रमाणे बेकायदा बांधकामावर दरवर्षी कराशिवाय वेगळा दंड लागू शकतो, बांधकाम बेकायदा राहील तोवर. लोकांना वाटते, दंड भरतोय म्हणजे खोली नियमित झाली. त्याच कलमात उलटे लिहिले आहे: दंड भरल्याने काहीही नियमित होत नाही. पैसेही जातात आणि खोलीही कधी पाडतील याचा नेम नाही. अशी दुहेरी सोय दुसरीकडे नाही.

आकारणी वाढवायची विशेष नोटीस आली, तर तिच्यावर हरकतीची मुदत छापलेली असते. तोवर ती भाजीच्या पिशवीत राहू द्या. मुदत गेली की मग तावातावाने जा. हरकत फेटाळली गेल्यास कलम ४०६ खाली न्यायालयात अपील आहे, १५ दिवसांत, आणि आधी कराची रक्कम भरून. अर्ज दिला तरी पोच घेऊ नका. पोच मागणे म्हणजे टेबलापलीकडच्या माणसावर अविश्वास. पोच नसली की पुढच्या वेळी तुम्ही कधी आला होता हे तुम्हालाही सांगता येत नाही, दोघेही निश्चिंत. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात आकारणीच्या फाइलची प्रत मागता येते, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. दहा रुपयांत एवढी उत्सुकता बरी नव्हे.

एवढे सगळे पाळले की पावती घ्या, लॅमिनेट करा, दाराजवळ फोटोंच्या रांगेत फ्रेम करून लावा. तिच्यावर कुठे बारीक अक्षरात 'हा मालकी हक्काचा पुरावा नाही' असे छापलेले आढळले, तर फ्रेमवाल्याला सांगा, पट्टी तेवढी अर्धा इंच वर घे.