थरार एक्स-कार्डने मारलेला नाही

टेबलटॉप रोलप्लेइंग, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं होऊन फाशांच्या आधारे गोष्ट रचण्याचा खेळ, खेळणाऱ्यांच्या गटांमध्ये एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द बदलतात, म्हणणं तेच राहतं. सेफ्टी टूल्सनी, म्हणजे खेळताना कुणाला त्रास होऊ नये म्हणून वापरायच्या पद्धतींनी, खेळाची वाट लावली. पूर्वी असलं काही न वापरता लोक मजेत खेळायचे. सगळं आधी विचारून घेतलं तर भीती कसली आणि थरार कसला? प्रसंग थांबवणारं एक्स-कार्ड समोर असलं की हरायला लागलेला खेळाडू तेच उचलणार. मित्रामित्रांत कसली आलीय परवानगी? आणि शेवटी, ज्याला झेपत नाही त्याने खेळायला येऊच नये.

मी पुण्यात गेम मास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट सांगणारी आणि नियम सांभाळणारी म्हणून, खेळ चालवते. यातल्या प्रत्येक मुद्द्याला मला उत्तर द्यायचंय, कारण हा मजकूर वाचून नवे गेम मास्टर पहिल्याच दिवशी चुकीचा धडा घेतात आणि त्याची किंमत टेबलावरचं दुसरंच कुणीतरी मोजतं.

ज्यांना शब्द नवे आहेत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. सेशन झिरो म्हणजे खेळ सुरू होण्याआधीची बैठक. ‘लाइन्स’ म्हणजे कथेत येणारच नाहीत अशा गोष्टी. ‘व्हेल्स’ म्हणजे कथेत घडतील, पण पडद्याआड. एक्स-कार्ड म्हणजे टेबलाच्या मधोमध ठेवलेलं, फुली काढलेलं एक साधं कार्ड. कुणीही त्याला बोट लावलं की चालू प्रसंग सोडून पुढे जायचं. कारण विचारायचं नाही.

“पूर्वी असलं काही लागत नव्हतं.”

पूर्वी म्हणजे कधी? लाइन्स आणि व्हेल्सची कल्पना रॉन एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये मांडली. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांचं एक्स-कार्ड २०१३ च्या सुमाराचं आहे. नॉर्वेत लार्प खेळणारे, म्हणजे वेषभूषा करून प्रत्यक्ष वावरत खेळणारे लोक, खेळ थांबवायला एक शब्द आणि जोर कमी करायला दुसरा, असे दोन शब्द आधीच ठरवून ठेवतात. हे कालपरवाचं खूळ नाही.

त्याहूनही मागे जाऊ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ १९७४ साली आला. १९७८ च्या त्याच्या नियमपुस्तकात योद्ध्याची ताकद १८, म्हणजे सर्वोच्च, निघाली की वर टक्केवारीचे फासे टाकायचे. माणसाच्या जातीचा पुरुष योद्धा त्यात १०० पर्यंत जाऊ शकायचा, स्त्री योद्धा ५० वर थांबायची. ज्या जगात ड्रॅगन उडतात, त्या जगात बाईच्या दंडाला मर्यादा छापलेली होती. तेव्हा कुणाची तक्रार नव्हती असं सांगणाऱ्यांनी एवढंच बघावं, की जी तक्रार करणार होती ती टेबलावर होती का? की एकदा येऊन परत आलीच नाही? जे आलेच नाहीत त्यांची तक्रार कुणाच्या आठवणीत कशी राहील?

“आधी विचारलं की थरार मरतो.”

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो मांडणाऱ्यांचं खेळावर खरंच प्रेम असतं. म्हणून यावर मी थोडी रेंगाळणार आहे.

एका कॅम्पेनमध्ये, म्हणजे अनेक बैठका चालणाऱ्या सलग कथेत, मी नदीकाठचं गाव उभं केलं होतं. रात्रीचा पाऊस, धरणाच्या बाजूने येणारा आवाज, घरात शिरणारं पाणी, माळ्यावर चढून बसलेली म्हातारी. माझ्या मते उत्तम रंगलेला प्रसंग. पाणी चुलीपर्यंत आलं असं मी म्हणाले आणि एका खेळाडूने हातातला फासा खाली ठेवला. तो काहीच बोलला नाही. उरलेला तासभर विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत राहिला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत त्याचं घर पाण्यात गेलं होतं, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर मी सेशन झिरोमध्ये फक्त ‘नेहमीच्या’ गोष्टी विचारायचे: लैंगिक हिंसा, लहान मुलांवरचे अत्याचार, आत्महत्या. पूर माझ्या यादीत नव्हता. तो कुणाच्याच यादीत नसतो. आपण कितीही संवेदनशील असलो तरी समोरच्याच्या आयुष्यात काय होऊन गेलंय हे अंदाजाने ओळखता येत नाही, म्हणून विचारावं लागतं.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. मी त्याला म्हणाले, पूर काढून टाकते, गाव दुसरीकडे हलवते. तो म्हणाला, “पूर राहू दे. घरात पाणी शिरताना तेवढं दाखवू नकोस.” एवढंच. मग पुढच्या वेळी पाणी गावात आलं ते आम्ही टेकडीवरून पाहिलं, आणि सकाळी चिखलात काय काय सापडलं त्यावर दोन अख्खी सेशन्स चालली. त्या कॅम्पेनमधला सगळ्यात गडद भाग तोच होता, आणि तो भाग सर्वांत मन लावून खेळला तोच खेळाडू. न विचारता मी तिथपर्यंत कधीच पोचले नसते. घाबरून सगळा पूरच पुसून टाकला असता, नाहीतर त्याला गमावलं असतं.

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना मी हे असं सांगते: लिंगाणा चढताना दोर बांधतात, म्हणून लिंगाणा सोपा होत नाही. दोर आहे म्हणून तिथे पाय ठेवायची हिंमत होते. आणि दोर बांधण्याआधी सोबत्याला विचारतातच की गुडघा कसा आहे.

सिनेमा बघताना माणूस डोळे मिटू शकतो. इथे तसं करता येत नाही, कारण इथे खेळाडू ‘मी’ म्हणून बोलत असतो. मी दार उघडते, मी आत जातो. प्रसंग त्याच्या स्वतःच्या तोंडून पुढे सरकतो आणि चार जण त्याच्याकडे बघत असतात. उठून गेलं तर सगळ्यांची संध्याकाळ मोडते. या खेळाची ताकद नेमकी जिथे आहे, तिथेच तो सर्वांत खोल लागतो.

भयकथांना परवानगी मानवत नाही म्हणणाऱ्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चं रेव्हनलॉफ्ट या भयावह काल्पनिक जगावरचं २०२१ चं पुस्तक उघडावं. ते पूर्ण भयकथांना वाहिलेलं आहे, आणि खेळाडूंच्या मर्यादा आधी कशा विचाराव्यात हे त्यातच सांगितलंय. विचारल्याने कथानक फुटतं, ही भीतीही खोटी आहे. मी तीसेक गोष्टींची लांब यादी देते. त्यातल्या चारच माझ्या कथेत असतात. कोणत्या चार, हे कुणाला कळणार?

“हरायला लागला की एक्स-कार्ड उचलेल.”

कार्डाने वर्णन थांबतं, निकाल नाही. फासे पडले, पात्र मेलं, तर ते मेलंच. कसं मेलं ते मी रंगवून सांगत नाही, इतकाच फरक. हे पहिल्या दिवशी स्पष्ट सांगितलं की गैरवापराला जागाच उरत नाही. आणि कुणाला फसवायचंच असेल तर फाशाचा आकडा खोटा सांगणं कितीतरी सोपं आहे. त्यासाठी आपण फासे बंद करत नाही.

“मित्रांमध्ये याची गरज काय?”

आपल्याकडे ‘चालेल’ नावाचा एक शब्द आहे. जेवायला काहीही चालेल, कुठेही बसलेलं चालेल, कसंही चालेल. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून आपण तो वापरतो, आणि जितकी जवळची माणसं तितका जास्त वापरतो. अनोळखी गेम मास्टरला ‘नको’ म्हणणं एक वेळ जमतं. शाळेपासूनच्या मित्राने तीन आठवडे राबून कथा रचलीय, वहिनींनी पोहे केलेत, आणि आपण म्हणायचं की हा प्रसंग नको? माणूस ‘चालेल’ म्हणतो आणि आतल्या आत मिटून जातो. म्हणून मी सगळ्यांसमोर तोंडी विचारत नाही. प्रत्येकाला यादी फोनवर वेगळी पाठवते. उत्तरं येतात ती एकत्र करते आणि कुणी काय लिहिलं हे न सांगता सगळ्यांना वाचून दाखवते. माझी स्वतःची एक ‘लाइन’ त्यात सर्वांत वर असते. गेम मास्टरलाही मर्यादा असतात हे दिसलं की बाकीच्यांची लेखणी सैल होते.

मित्रांच्या टेबलावरच घडणारी आणखी एक गोष्ट आहे. रानातली लुटारू टोळी येते, गेम मास्टर तिच्या तोंडी एखाद्या खऱ्या समाजाची बोली घालतो आणि सगळे हसतात. फँटसीमध्ये ‘जन्मतःच दुष्ट जमात’ ही सोयीची गोष्ट आहे, मारायला कारण शोधावं लागत नाही. पण महाराष्ट्रात ही कल्पना काल्पनिक नाही. ब्रिटिशांच्या १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी पारधी वस्तीवर पोलीस आजही आधी का येतात हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला ठाऊक आहे. त्या घरातला मुलगा तुमच्या टेबलावर बसलेला असेल आणि आडनावावरून ते कळणारही नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने २०२४ च्या नियमांत एल्फ, ऑर्क अशा काल्पनिक जमातींसाठीचा ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ घेतला, त्यावर आपल्याकडेही नाकं मुरडली गेली. खरं तर आपल्यालाच ते सगळ्यात आधी कळायला हवं होतं. माझ्या टेबलावर लुटारू असतात, क्रूरही असतात. ते लुटारू का झाले हे मला माहीत असतं, आणि ते माझ्यासारखीच मराठी बोलतात.

“ज्याला झेपत नाही त्याने येऊ नये.”

२०१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या यूके गेम्स एक्स्पोमध्ये एका गेम मास्टरने किशोरवयीन पात्रांच्या खेळात त्या पात्रांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कथानक आणलं, खेळाडूंना काहीही पूर्वकल्पना न देता. खेळ अठरा वर्षांवरील लोकांसाठी होता. आयोजकांनी त्याचे उरलेले खेळ रद्द केले आणि त्याच्यावर बंदी घातली. तेव्हाही काहींनी हेच म्हटलं: प्रौढांसाठी लिहिलं होतं ना? पण वयाची अट सांगते की तुम्ही किती मोठे आहात. तुम्ही कशाला होकार दिलाय हे ती सांगत नाही. टेबलावरचे लोक नाजूक नव्हते. त्यांनी तिकीट काढलं होतं एका खेळाचं आणि त्यांच्या पुढ्यात आलं भलतंच.

शिवाय ‘झेपणं’ हा शब्द कुठवर ताणायचा? सारा थॉम्पसन यांनी २०२० मध्ये लढाईसाठी व्हीलचेअरचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा डंजनमध्ये, म्हणजे राक्षसांनी भरलेल्या भुयारात, व्हीलचेअर कशी, म्हणून गदारोळ झाला. मेलेला माणूस मंत्राने उठतो त्या जगात उताराचा रस्ता अशक्य वाटला. माझ्या एका टेबलावर इंग्रजीला बिचकणारी मुलगी होती. पुस्तकं इंग्रजी, जादूमंत्रांची नावं इंग्रजी, आणि बाकीचे भराभर बोलणारे. तिच्या मंत्रांची कार्डं मी मराठीत लिहून दिली. दोन आठवड्यांत तीच पार्टीच्या, म्हणजे पात्रांच्या गटाच्या, वतीने वाटाघाटी करायला लागली. आधी तिला झेपत नव्हतं ते इंग्रजी होतं, खेळ नव्हे.

त्या फिरत्या मजकुराच्या बाजूने एक गोष्ट मला मान्य करावीशी वाटते. नुसतं कार्ड टेबलावर टाकून काही होत नाही. ज्याला धक्का बसतो तो अनेकदा गोठतो, हात पुढे जातच नाही. माझा सांगलीचा खेळाडू कार्डापासून वीतभर अंतरावर बसला होता. म्हणून मी आता दर तासाला दहा मिनिटं थांबते, चेहरे बघते, आणि पहिल्या सेशनमध्ये कार्डाला पहिलं बोट मी स्वतः लावते, एखाद्या किरकोळ गोष्टीसाठी, मुद्दाम. कार्ड वापरलं तरी आकाश कोसळत नाही हे एकदा सगळ्यांना दिसावं लागतं. कार्ड निरुपयोगी आहे असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी ते ठेवलं होतं, शिकवलं नव्हतं.

राहता राहिला वेळ. सेशन झिरोत एक संध्याकाळ वाया जाते म्हणतात. माझी यादी, घर आणि गाव ठरवणं, पात्रं एकमेकांना कशी ओळखतात, हे सगळं धरून मला पाऊण तास लागतो. यादीतला शेवटचा प्रश्न कथेबद्दलचा नसतो. घरी कसे जाणार आणि शेवटची बस किती वाजता, हा असतो. सध्याच्या टेबलावर एकीची बस पावणेनऊची आहे, म्हणून आम्ही साडेआठला फासे आवरतो, ड्रॅगन अर्धा मेलेला असला तरी.