‘दोन तासांचं अंतर ठेवलं की विषय संपतो’ म्हणणाऱ्या वाचकांना

वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक घेतलं तर काय होऊ शकतं, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली आलेली एक प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते, म्हणजे मी सोयीचं तेवढंच उचललं असं कुणी म्हणायला नको.

‘ताई, असले लेख लिहून म्हाताऱ्या माणसांना घाबरवण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं. दोन गोळ्यांमध्ये दोन तासांचं अंतर ठेवलं की विषय संपतो, हे शेंबडं पोरही सांगेल. हा लेख वाचून कुणी रक्त पातळ करणारी गोळीच बंद केली तर जबाबदार कोण? शिवाय आता नवी औषधं आलीत, त्यांचं काय? जीवघेणी जोडी म्हणे!’

शेवटापासून सुरुवात करते. ‘जीवघेणी जोडी’ हे शीर्षक भडक होतं. मान्य. बदललं आहे.

आता सूर. ताई म्हणायचं आणि पुढच्याच श्वासात गप्प बस म्हणायचं, ही कुठली रीत? मतभेद असू द्या, चूक दाखवा, मी इथेच आहे. पण ज्यांनी आयएनआरचा (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; जितका जास्त, तितकं रक्त पातळ) रिपोर्ट कधी हातात धरला नसावा, त्यांनी मला शेंबड्या पोराच्या शिकवणीला बसवू नये. आणि बसवायचंच असेल तर त्या पोराला घेऊन या, मला त्याला दोन प्रश्न विचारायचे आहेत.

पहिला प्रश्न, दोन तासांत नेमकं काय संपतं? तुमची समजूत अशी दिसते की गोळ्या पोटात एकमेकींना भेटतात म्हणून भानगड होते. भेट टाळली की झालं. काही औषधांच्या बाबतीत हे खरंही आहे. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे अँटिबायोटिक लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलं तर ते त्याला चिकटतं आणि रक्तात फार कमी पोचतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात तर चार तास ठेवायला सांगतात. तिथे घड्याळ उपयोगी पडतं. तुम्ही बहुधा तिथलंच काहीतरी ऐकलं आणि सगळीकडे लावलंत.

वॉरफेरिनची गोष्ट पोटात घडत नाही, यकृतात घडते. तिथलं सीवायपी२सी९ नावाचं एन्झाइम वॉरफेरिनचा जास्त जोरकस भाग मोडून टाकतं. मेट्रोनिडॅझोल त्या कामात अडथळा आणतं, मग वॉरफेरिन साचतं आणि रक्त गरजेपेक्षा जास्त पातळ होतं. मेट्रोनिडॅझोलचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण आठ तास लागतात आणि पुढची गोळी बहुतेकदा आठ तासांनीच असते, म्हणजे कोर्सभर ते रक्तात असतंच. वॉरफेरिन निम्मं व्हायला साधारण चाळीस तास. मग दोन तास कुठे बसवायचे, सांगा ना. हा काही माझा शोध नाही. १९७६ मध्येच हे माणसांवर तपासून दाखवलेलं आहे.

दुसरा प्रश्न त्याहून सोपा आहे. अंतर ठेवून भागत असतं, तर क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकच्या पूर्ण कोर्सभर सिम्व्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी बंद ठेवायला का सांगतात? स्नायूंची मोडतोड होऊन मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकते म्हणून. सकाळी एक, रात्री एक, असं सांगून कुणी मोकळं होत नाही. हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या अमिओडारोनचा वॉरफेरिनवरचा परिणाम तर ते बंद केल्यावरही कित्येक आठवडे रेंगाळतो. टीबीवरचं रिफॅम्पिसिन उलट्या दिशेने जातं, एन्झाइम वाढवून वॉरफेरिनचा जोर कमी करतं, आणि तेही बंद केल्या दिवशी थांबत नाही.

हे मी कुठेतरी वाचून फेकते आहे असं वाटत असेल, तर ऐका. माझ्या सासूबाईंच्या हृदयात मेकॅनिकल मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे कृत्रिम झडप आहे, म्हणून त्यांना वॉरफेरिन चालू असते. आयएनआर अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा, त्याची वही मी सांभाळते. दाताला पू झाला म्हणून त्यांना मेट्रोनिडॅझोल लिहून दिलं गेलं. आणखी काय चालू आहे, हे लिहून देणाऱ्यांनी विचारलं नाही. वॉरफेरिन त्या संध्याकाळी घेतात, दातांच्या गोळ्या जेवणानंतर; तुमच्या दोन तासांपेक्षा जास्तच अंतर होतं. कोर्स संपत आला तेव्हा बीपी मोजला. पट्टा काढला तर दंडावर, पट्ट्याच्या कडेकडेने, जांभळ्या बारीक ठिपक्यांची रांग. वहीत आधीची नोंद २.९ होती, त्या दिवशीची ७.१. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांनी वॉरफेरिन थांबवली आणि आकडा खाली येईपर्यंत रोज रक्त तपासलं. तेव्हा घाबरवणं म्हणजे काय ते मला कळलं, त्यासाठी लेख लागला नाही.

जबाबदार कोण, म्हणता. वॉरफेरिन बंद करा असं मी एका ओळीतही लिहिलेलं नाही, लेख परत वाचा. नव्या औषधांवर लिहीन कधीतरी. पण मेकॅनिकल व्हॉल्व्ह असलेल्यांना ती चालत नाहीत. त्यांतल्याच डॅबिगॅट्रानची अशा रुग्णांवरची चाचणी २०१२ मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. तेव्हा ‘त्यांचं काय’ हा प्रश्न या लेखाला लागू नाही.

तुमची प्रतिक्रिया मी उडवणार नाही. पण दोन तासांचं ते वाक्य कुणी खरं धरून चाललं तर जबाबदार कोण, हे मीही विचारू शकते. म्हणून त्याखाली माझी टीप टाकली आहे: वॉरफेरिन चालू असताना नवं अँटिबायोटिक लिहून मिळालं, तर लिहून देणाऱ्याला वॉरफेरिनचं नाव घेऊन सांगा, आणि तीन ते पाच दिवसांत आयएनआर तपासायचा का, ते तिथेच विचारून घ्या.