रात्री तीनला कॅज्युअल्टीत जायचंय? मग हे वाचाच

छातीत दुखायला लागलं की आधी सोडा प्या. मग ओवा आणि काळं मीठ. मग शेजारच्या काकांना विचारा. त्यांना मागच्या वर्षी अस्संच झालं होतं आणि शेवटी गॅसच निघाला होता. डाव्या हातात कळ गेली, बनियन घामाने चिंब झालं, तरी धीर सोडू नका. संध्याकाळी सातला सुरू झालेलं दुखणं रात्री तीनपर्यंत घरीच नीट मुरू द्या, मगच रिक्षा बघा. 108 ला फोन नको. भोंगा वाजला तर अख्खा दांडिया बाजार जागा होईल आणि सकाळी चौकशीला येणाऱ्यांचा चहा कोण करणार? हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली की स्नायू मिनिटागणिक मरत जातो, हे खरं. पण चारचौघांत शोभा नको.

लकव्याचंही तसंच. तोंड वाकडं झालं, बोबडी वळली की तेल कोमट करून चोळत बसा. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे पाचव्या तासाला आलात की आमचाही ते द्यायचं की नाही हा खल वाचतो.

मी बडोद्यातल्या एका मोठ्या दवाखान्यात इमर्जन्सी मेडिसिनची रेसिडेंट आहे. म्हणजे गळ्यात स्टेथोस्कोप घालून तुमच्या वडिलांना तपासत असताना जिला तुम्ही विचारता, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?", ती मी.

येताना माणसं भरपूर आणा. पेशंटबरोबर एकच जण, असं दारावर लिहिलंय, ते इतरांसाठी. मात्र ज्याला पेशंटचं सगळं माहीत आहे, अशा सूनबाईंना घर राखायला मागे ठेवा, आणि फाईल कपाटातच असू द्या. मग बोलणं असं रंगतं:

"काका, बीपी आहे?"

"छे छे."

"कुठली गोळी चालू आहे?"

"बीपीची."

"मग बीपी आहे ना?"

"गोळी घेतो ना, मग कुठून असणार?"

गोळीचं नाव विचारलं तर 'पांढरी, बारीक' एवढंच सांगा. फारच खोदून विचारलं तर खिशातून एक अर्धी तुटलेली गोळी काढून माझ्या तळहातावर ठेवा, तिला चिकटलेल्या बडीशेपेसकट. दारूबद्दल विचारणं तर सरळसरळ अपमान आहे. गुजरात राज्य झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे. त्यामुळे रात्री दोन वाजता स्कूटरवरून दुभाजकावर चढलेल्या माणसाच्या तोंडाला जो वास येतो तो खोकल्याच्या औषधाचा, आणि हे त्याचे चारही मित्र, त्याच औषधाच्या वासासकट, शपथेवर सांगतात.

आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघायला हवा, म्हणून आम्ही घाईघाईने शर्टाची बटणं काढायला लागतो. नेमके तेव्हा मध्ये उभे राहून पेशंटचे तळपाय चोळा.

आता मुख्य गोष्ट, रांग. आत शिरताच सिस्टर नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन बघून तुम्हाला लाल, पिवळा किंवा हिरवा ठरवतात. हिरवा मिळाला तर घराण्याचा अपमान झाला असं समजून आवाज चढवा. "आम्ही आधी आलोय!" हे वाक्य मराठीत, गुजरातीत आणि हिंदीत पाठ करून ठेवा, ड्युटीवर कोण असेल सांगता येत नाही. शेजारच्या खाटेकडे बोट दाखवा. तो माणूस कण्हत नाही, ओरडत नाही, पाणी मागत नाही, शहाण्यासारखा गप्प पडलाय. तरी पाच जण त्याच्याभोवती कशाला? तुमचा पेशंट बिचारा केव्हापासून ठणाणा करतोय. कॅज्युअल्टीत ज्याला थांबायला सांगतात त्याची तब्येत त्यातल्या त्यात बरी असते, अशी एक समजूत आम्हा लोकांत पसरली आहे. तुम्ही तिला बळी पडू नका.

उत्तरायणात, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या पतंगबाजीत, या म्हणजे हे सगळं एकाच खोलीत बघायला मिळेल. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉनच्या मांजावर देशभर बंदी घातली. तेव्हापासून तो कुणाकडेच नसतो, फक्त गळ्यात सापडतो. गेल्या उत्तरायणात दुपारी स्कूटरवरून जाणारा एक मुलगा आला, मानेवर स्वतःच्याच हाताने रुमाल दाबून. रुमालाच्या कडेने जांभळ्या दोऱ्याचं टोक लोंबत होतं आणि रक्त कोपरापर्यंत ओघळलं होतं. आम्ही त्याची श्वासनलिका शाबूत आहे का ते बघत असताना मागून कुणीतरी माझ्या एप्रनची बाही ओढली. बोट कापलेले एक गृहस्थ होते. "बेन, जरा पट्टी मारून द्या ना, वारा पडेल."

त्यांचं तरी काय चुकलं? वारा खरोखरच पडतो.

रेसिडेंटच्या झोपेची काळजी मात्र करू नका. सलग ड्युटी सहसा 12 तासांपलीकडे जाऊ नये असं केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत लिहून ठेवलंय. ती योजना माझ्याहून वयाने मोठी आहे, म्हणून आमच्याकडे सगळे तिचा मान राखतात, तिला कामाला लावत नाहीत. तिसाव्या तासाला माझा चेहरा पाहून "डॉक्टर, जरा हसून बोला की" असं सुचवलंत तर बरं वाटेल. जेवलात का, असं मात्र चुकूनही विचारू नका. एका आजींनी विचारलं होतं आणि मला पडद्यामागे जावं लागलं.

गणपतीत भेटलात तर स्थळाचं जरूर काढा. ओळखीच्या काकूंनी काढलं होतं. "इमर्जन्सी का? बरं बरं. पण पुढे डॉक्टर कशाची होणार?" मेडिकल कौन्सिलने 2009 साली या विषयाला स्वतंत्र मान्यता दिली, काकूंनी अजून दिलेली नाही.

तोडफोड करायची असेल तर खिडकीच्या काचेवर वेळ घालवू नका. ती मागच्या वेळी फुटली, आता तिथे पुठ्ठा आहे. त्यापेक्षा ओळख काढा. प्रत्येक घरात एक मामा असतो, त्या मामाच्या मोबाईलमध्ये एक साहेब असतात, आणि रात्री तीनला साहेब जागे असतात हे आपल्या लोकशाहीचं वैभव आहे. फोन लावा आणि तडक माझ्याकडे या. तेव्हा माझे दोन्ही हात दुसऱ्याच कुणाच्या छातीवर असतील, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगाने खालीवर होत. त्यामुळे फोन माझ्या कानाला तुम्हालाच धरावा लागेल. आणि साहेबांना म्हणावं जरा मोठ्याने बोला, मी तोंडाने आकडे मोजत असते.