चोर सोडून सायलेन्सरला फाशी

जुनी मोटरसायकल मुळात बोलकी. टॅपेट टकटकतात, चेन कुरकुरते, मडगार्ड स्वतःशीच काहीतरी पुटपुटत असतं. या सगळ्यांशी माझं जमतं. पण एखाद्या सकाळी किक मारावी आणि सायलेन्सरच्या मागच्या तोंडातून यायचा आवाज पुढून, थेट नडगीपाशी यावा, तोही बंदुकीचा, म्हणजे समजायचं की एक्झॉस्ट पाइपला तडा गेलाय. या वाहनाला लोक फटफटी का म्हणायचे, हे कोशात बघावं लागत नाही.

आवाज झाला की सल्लागार जमतात. पहिला म्हणतो, "कार्बोरेटर बघा." दुसरा म्हणतो, "प्लग गेला." यात त्यांचा फार दोष नाही, कारण तडा गेलेला पाइप बेमालूम सोंग करतो. थ्रॉटल सोडला की पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही कमी होतो आणि तड्यातून हवा आत ओढली जाते. आत न जळलेलं पेट्रोल असतंच. ते या नव्या हवेत पेटतं आणि उतारावर फटाक्यांची माळ लागते. मिश्रण पातळ झालं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, तरी नेमका हाच आवाज येतो. म्हणून माणूस कार्बोरेटरचा स्क्रू पिळत बसतो आणि बिघाड एकाचा दोन होतो. स्क्रूला हात लावण्याआधी पाइप तपासावा.

तपासायचं ते इंजिन थंड असताना. धातू तापला की फुगतो आणि बारीक तडा आपोआप मिटतो, म्हणजे मेकॅनिककडे पोचेपर्यंत गाडी अगदी गुणी बाळ. मोकळ्या जागेत गाडी चालू करून पहिल्या मिनिटातच कान लावावा. बंद खोलीत हा प्रयोग नको. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, आणि त्याच्याशी वाद घालायला माणूस उरत नाही. हातात जाड मोजा घालून ओल्या फडक्याचा बोळा सायलेन्सरच्या तोंडाशी दाबायचा. पाइप धड असेल तर इंजिन गुदमरून बंद पडतं. तडा असेल तर तिथून सापासारखा फुत्कार येतो आणि इंजिन मजेत चालत राहतं. जागा तरीही सापडली नाही तर थंड पाइपवर साबणाचं पाणी मारून बुडबुडे शोधायचे, किंवा नुसती काळी काजळी शोधायची. गळती जिथे असते तिथे ती स्वतःच काजळाची तीट लावून ठेवते.

तडा सापडला की माणसाला वेल्डिंगचे वेध लागतात. इथेच मी हात धरतो. पाइप सहसा आपण होऊन फुटत नाही, त्याला फोडलेलं असतं. चोर कुठेतरी दुसरीकडे बसलेला असतो आणि आपण संन्याशाला सुळावर चढवतो. इंजिनच्या माथ्याजवळ, म्हणजे हेडजवळ, पाइप बोल्टने आवळणारी चकती असते ती फ्लँज. तिच्या मानेवर तडा असेल तर मागे सायलेन्सर कशावर टांगलाय ते बघा. दहात आठ वेळा ब्रॅकेटमधलं थरथर झेलणारं रबरी बुश झिजून गेलेलं असतं, किंवा कुणीतरी त्याच्या जागी चार वॉशर कोंबून विषय संपवलेला असतो. मग अख्ख्या सायलेन्सरचं वजन आणि इंजिनची थरथर त्या एका मानेवर येते. तडा ब्रॅकेटच्या वेल्डवरच असेल तर इंजिनचे माउंटिंग बोल्ट ढिले आहेत का ते पाहायचं. बेंड पाइप, म्हणजे इंजिनकडून येणारा वाकडा पाइप, सायलेन्सरमध्ये जातो त्या सांध्यावर असेल, तर मागच्या वेळी कुणीतरी पाइप जागेवर बसत नसताना बोल्टने ओढून बसवलाय. तो ताण पाइप विसरत नाही.

सायलेन्सरच्या पोटाखालचं भोक मात्र वेगळं. तो तडा नव्हे, गंज, आणि त्यातला अर्धा गुन्हा आपला. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटरच पाणी तयार होतं. लांब फिरलं की ते वाफ होऊन निघून जातं. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आलं की आतच साचतं, काजळीत मिसळतं, आंबट होतं आणि पत्रा आतून खातं. म्हणून बऱ्याच सायलेन्सरना खाली एक बारीक छिद्र ठेवलेलं असतं. काही हौशी लोक ते 'गळतंय' म्हणून बुजवतात. गंजलेल्या जागी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहावं. टण्ण वाजलं तर पत्रा जिवंत आहे. भद्द वाजलं तर वेल्डिंगवाल्याला त्रास देऊ नये, कारण तो एक भोक बुजवायला जाईल आणि शेजारी दोन पडतील. अशा वेळी सायलेन्सरच बदलायचा.

घरगुती उपचारांबद्दलही सांगून टाकतो, कारण ते केल्याशिवाय कुणी राहत नाही. नळाच्या गळतीला लावतात ती इपॉक्सी पुट्टी इथे चालत नाही. ती साधारण दीड-दोनशे अंशांतच हात टेकते आणि हेडजवळचा पाइप चढावर चारशेच्या आसपास सहज जातो. वास मात्र दोन दिवस पुरतो. टिनच्या झाळीचं, म्हणजे सोल्डरचं, तर नावच काढू नये, ती अडीचशे अंशांच्या आतच वितळून गळून पडते. सायलेन्सरसाठीची खास पेस्ट किंवा पट्टी मिळते ती बरी. गंज घासून काढलेल्या पत्र्यावर लावून, वर पातळ पत्र्याची पट्टी गुंडाळून दोन क्लॅम्प आवळले की घरी पोचता येतं. तिचं काम घरी पोचवण्यापुरतंच.

आता पाइप काढणे. वरवर पाहता दोन नट आणि एक बोल्ट. प्रत्यक्षात या दोन नटांनी जेवढी शांत माणसं बिघडवली आहेत तेवढी कुठल्याही वादाने बिघडवली नसतील. हेडमध्ये रुतलेला बिनडोक्याचा बोल्ट म्हणजे स्टड. तो पोलादाचा, हेड अॅल्युमिनियमचं, आणि वर्षानुवर्षं भाजून नट-स्टड यांचा पक्का संसार झालेला. तिथे जोर लावला की नट फिरतोय असं वाटतं. वाटतं एवढंच. खरं तर स्टड पिळवटत असतो, आणि मग एक मऊसर 'टक' होतो. तो आवाज ऐकू येण्याआधीच हाताला कळतो आणि पोटात गोळा येतो.

तो टळावा म्हणून आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल घालून ठेवायचं आणि सकाळी पुन्हा. पाना रिंगचा किंवा सहा कोनी सॉकेटचा. उघड्या तोंडाचा फिक्स पाना नटाचे कान गोल करतो. आधी नट किंचित आवळायचा, मग सोडायचा. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे, मध्ये तेलाचा थेंब. अडलाच तर गॅसच्या टॉर्चने नटच तापवायचा. मात्र तेल आधी पुसून, आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवून. सहा मिलिमीटरचा स्टड नटासकट अख्खा बाहेर आला तर घाबरू नये, ते सुखाचं मरण.

आणि तुटलाच तर? थोडा वर उरला असेल तर त्यावर नवा नट बसवून आतून वेल्ड करायचा. त्या आचेने स्टड सैल होतो आणि गरम असतानाच फिरवला तर निघतो. हेडच्या पातळीत तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल, आणि शेवटी आट्यांचं स्प्रिंग इन्सर्ट, म्हणजे भोकाला नवे आटे देणारी तारेची गुंडाळी. मध्य चुकला तर ड्रिल पोलाद सोडून मऊ अॅल्युमिनियमकडे पळतं. याला हात थरथरत नसलेला माणूसच हवा. मी तेव्हा उजेडाचा टॉर्च धरायचं काम घेतो.

पाइप हातात आला की वेल्डिंग. तड्याच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचं छिद्र पाडायचं, नाहीतर वेल्डच्या पलीकडून तडा पुढे चालू लागतो. मग ग्राइंडरने तड्यावर उथळ खाच आणि दोन्ही बाजूंना बोटभर जागा चकचकीत कोरी. क्रोमचा मुलामा वेल्डिंगच्या जागेवरून पूर्ण घासून काढायचा, तेही तोंडावर चांगला मास्क लावून, कारण क्रोमची धूळ आणि धूर दोन्ही फुप्फुसाला वाईट. ब्रेक क्लीनरने पाइप पुसून तसाच वेल्डिंगला देणं हा तर आत्मघात आहे. काही क्लीनरमध्ये क्लोरीन असलेली द्रव्यं असतात आणि वेल्डिंगच्या ज्योतीत त्यांचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. टू-स्ट्रोक असेल तर आतला तेलकट कार्बनही काढावा, नाहीतर वेल्ड बुडबुड्यांनी भरतं.

बेंड पाइपचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास. जाड रॉड घेऊन फाटक जोडायच्या करंटवर चालवला की तड्याच्या जागी खिडकी तयार होते. वेल्डिंगच्या प्रकारांत टिग उत्तम. मिग, म्हणजे तारेचं वेल्डिंग, असेल तर बारीक तार आणि ठिपक्या-ठिपक्यांनी, मध्ये थंड होऊ देत. गॅसवर पितळेची झाळ हीसुद्धा पातळ पत्र्याला मानवते, पण एकदा पितळ लागलं की पुढे त्या जागी पोलादाचं वेल्ड नीट धरत नाही. ठिगळ लावायचंच तर कोपरे गोल ठेवा. चौकोनी ठिगळाचा कोपरा म्हणजे पुढच्या तड्याचा पत्ता. आणि फ्लँज वाकू नये म्हणून ती जुन्या हेडला किंवा जाड प्लेटला बोल्टने आवळूनच वेल्ड करायची.

बसवताना गास्केट, म्हणजे सांध्यातली गळती रोखणारी रिंग, नवी. जुनी चेपलेली रिंग परत घालणं म्हणजे पुढच्या रविवारचं काम आजच ठरवून टाकणं. स्टडच्या आट्यांना तांब्याचं अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं, ग्रीस लावायचं. ब्रॅकेटचं नवं बुश आधी घालायचं, मग सगळे नट-बोल्ट हाताने, ढिले. पाइप स्वतःच्या मनाने जागेवर बसला पाहिजे. नसेल बसत तर ब्रॅकेट वाकवा, पाइप ओढू नका. मग फ्लँजचे नट आलटून पालटून, थोडे थोडे. सहा मिलिमीटरच्या स्टडला साधारण दहा न्यूटन मीटर पुरे. हाताने करायचं तर छोटा पाना आणि दोनच बोटांचा जोर. त्यानंतर सांध्याचा क्लॅम्प, आणि मागचा ब्रॅकेट सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, कारण मागचा बोल्ट बसून आवळता येतो.

उघड्या वेल्डवर सहाशे अंश सोसणारा सिलिकॉनचा रंग मारायचा. तो उन्हात पक्का होत नाही, इंजिनवरच भाजावा लागतो. दहा मिनिटं चालू, पूर्ण थंड, मग वीस मिनिटं, पुन्हा थंड. पूर्ण गार झाल्यावर नट परत तपासायचे. गास्केट दबलेली असते, थोडा फेरा मिळतोच. पहिल्या दहा मिनिटांत रंगाचा निळसर धूर निघतो. निघू द्यावा. फडक्याचा बोळा लावून पाहावा, इंजिन गुदमरून बंद पडलं की काम जमलं. नेमकं तेव्हाच पहिला सल्लागार धावत येतो. धूर बघतो, बंद पडलेलं इंजिन बघतो आणि म्हणतो, "तरी मी म्हणत होतो, कार्बोरेटर बघा."